डायवरभाऊंचा निकाल

"पळनं बैलाचं, थांबोनं मानसाचं." हे वाक्य बोलताना डायवरभाऊंचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा. एसटीत डायवरकी करून निवृत्त झालेला माणूस, ब्रेक त्यांच्या पायातून काही निघाला नाही. माझ्या मोटारसायकलवर मागे बसले तरी दाबायचे. चिखलीपासून उंद्रीपर्यंत माझ्या पायाच्या आधी त्यांचा पाय दाबलेला असायचा, आणि उतरल्यावर मला ऐकावं लागायचं, "पत्रकार, गतिरोधकावर तुमची नजर नव्हती."

मी एका जिल्हा दैनिकाचा चिखलीचा वार्ताहर. तेवढ्यावर पोट भरत नाही, म्हणून झेरॉक्सचं दुकान. डायवरभाऊ माझ्या दुकानासमोरच्या बाकावर येऊन बसायचे आणि तो बाक त्यांचाच आहे, अशा थाटात बाकीच्यांना जागा द्यायचे. त्यांचं खरं नाव मला ठाऊक आहे, पण "नाव नोको टाकू बे" असं ते दर वर्षी बजावायचे, म्हणून इथेही टाकत नाही.

त्यांना वेड शंकरपटाचं, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींचं. सोयाबीन घरात आलं, कपाशीचे पहिले वेचे झाले, की आमच्याकडे पटांचा हंगाम सुरू होतो. बहुतेक ठिकाणी एका वेळी एकच जोडी सुटते आणि घड्याळाशी पळते. तुम्ही पट पाहिला असेल तर गर्दी कुठे असते ते तुम्हाला माहीत आहे. अर्धे लोक जोडी सुटते तिथे, अर्धे जिथे झेंडी पडते तिथे. डायवरभाऊ या दोन्ही ठिकाणी नसत. झेंडीच्या खूप पुढे, जिथे बैल आवरतात, तिथे एखाद्या बाभळीखाली हात मागे बांधून उभे असत. जोडी थांबली की जवळ जायचे, दोन्ही बैलांच्या पुठ्ठ्यावरून तळहात फिरवायचे आणि धुरकऱ्याकडे, म्हणजे छकड्यावर बसून जोडी हाकणाऱ्याकडे, एकदा बघायचे. बस्स. कुणी कासरा हिसडून बैलाची वेसण ओढली, कुणी बैलांशी बोलत बोलत त्यांचा वेग उतरवला, हे सगळं त्यांना तिथेच दिसायचं.

पाडव्याच्या आधीच्या रविवारी दुकानासमोर बैठक बसायची. आसपासचे धुरकरी, जोडीवाले, नुसते शौकीन, सगळे जमत. डायवरभाऊ हंगामाचा निकाल सांगत आणि मी तो 'पटाचा आढावा' म्हणून छापत असे. त्यांच्या निकालात बक्षिसांना फारशी किंमत नसे. "एका पटाचं नाव नोको काढू. हंगाम सांग," म्हणायचे. पहिल्या पटात गाजलेली जोडी माघात लंगडायला लागली, की मालकाला चारचौघांत सोलून काढत. रातभर टेम्पोतून आणलेले बैल सकाळी पळवले, तर जिंकले तरी नंबर नाही. आणि जोडी म्हणजे काही दोन बैल आणि एक धुरकरी एवढंच नव्हे. सोडणारे, धरणारे, चारा घालणारे, सगळ्यांचा त्यात हिशेब. एका वर्षी त्यांनी तिसरा नंबर उंद्रीच्या एका बाईला दिला. जोडी तिच्या नवऱ्याची होती, पण हंगामभर बैलांना सरकीची ढेप भिजवून घालणारी आणि रोज त्यांचे खूर बघणारी ती होती. नवरा म्हणाला, "मंग मी काय केलं?" डायवरभाऊ म्हणाले, "तू फोटो काढले." ती बाई बैठकीला नव्हती. निकाल तिला दुसऱ्या दिवशी कळला आणि तिने डायवरभाऊंच्या घरी शेवग्याच्या शेंगा पाठवल्या.

मधे काही वर्षं पटांवर बंदी होती. तेव्हा या माणसाचे फार हाल झाले. शेवटी ते बसस्टँडवर जाऊन बसायला लागले आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या डायवरला नंबर द्यायला लागले. जालन्याच्या गाडीचा एक तरुण डायवर त्यांना पाहून फलाटाला इतकी हळू गाडी लावायचा, की प्रवासी ओरडायचे. मी थट्टा केली, तर म्हणाले, "हासून घे. माह्या सासऱ्यानं मी गाडी कशी लावतो ते पाहून पोरगी देली होती."

बंदी उठली आणि डायवरभाऊंच्या घरीही एक जोडी आली. त्यांच्या पोरासाठी. एकुलता एक पोरगा, अंगानं काटक, हाताला फार हलका. मी बरेच पट पाहिले आहेत, पण बैलांशी त्याच्यासारखं गुणगुणत बोलणारा धुरकरी मी दुसरा पाहिला नाही. बापाला त्याचं कौतुक होतं. पण निकालात त्याचं नाव आलं की डायवरभाऊ म्हणायचे, "त्याचं तुम्ही ठरवा. मले बाप असल्यामुळं दिसत नाही." मग बाकीचे ठरवायचे, दुसरा किंवा तिसरा, आणि पोरगा मागे उभा राहून मान खाली घालून हसायचा. त्याला आमच्या नंबराशी काही देणंघेणं नव्हतं. बापाच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, आणि डायवरभाऊंना माहीत नसेल असं कसं म्हणू?

मग तो हंगाम आला. पोराची जोडी अशी काही पळाली, की वाद घालायला जागाच उरली नाही. शेवटचा मोठा पट देऊळगाव राजाकडे होता. तोही त्यानेच मारला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. त्या गडबडीत मी पाहिलं, डायवरभाऊंनी नेहमीसारखा बैलांच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला, आणि मग पाण्याच्या टँकरपाशी जाऊन बराच वेळ हात धूत बसले. शेण लागलं असेल, असं मला वाटलं.

बैठकीला पोरगा नवा शर्ट घालून आला. येताना पेढ्यांचा पुडा आणला होता, तो त्याने माझ्या काउंटरवर ठेवला. डायवरभाऊंनी सगळ्यांचं सांगितलं. तिसरा झाला, दुसरा झाला. मग ते थांबले. एक जण म्हणाला, "डायवरभाऊ, यंदा तरी तुमच्या तोंडानं सांगा."

डायवरभाऊ उठून उभे राहिले. एरवी निकाल ते बसूनच द्यायचे.

"ज्याचा पयला नंबर तुम्ही धरून आले, त्यानं देवळगावच्या पटात बैलाले खिळा मारला. मुठीत धरून. मी हात लावला तवा रक्त लागलं. माहा पोरगा हाये म्हनून आठ दिवस चूप राह्यलो. त्याले नंबर नाही. यंदा बी नाही अन् पुढं बी नाही."

पोराचा चेहरा मला अजून दिसतो. तो एवढंच म्हणाला, "एकच डाव झालं, बाबा. शेवटाले बैल ढिला पडला होता. तुमच्याशिवाय कोनाले दिसलं बी नव्हतं."

"बैलाले त मालूम हाये न."

पोरगा निघून गेला. पेढे काउंटरवरच राहिले, ते कुणी उघडले नाहीत.

मी त्यानंतर यावर पुष्कळ विचार केला आहे. डायवरभाऊ चुकले असं मी म्हणणार नाही. खिळा मारणाऱ्याला माफी नाही, हे आम्ही त्यांच्याकडूनच शिकलो होतो, आणि पोराला सूट दिली असती तर तो निकाल कसला? पण 'यंदा बी नाही' हे न्यायाचं बोलणं होतं आणि 'पुढं बी नाही' हे रागाचं. पोराने नेमकं तेच धरलं. महिनाभरात जोडी विकली गेली. पोरगा चाकणला कंपनीत लागला आणि पोळ्याला आला नाही, दिवाळीला आला नाही. फोन करायचा तो आईला.

पुढच्या हंगामात डायवरभाऊ पटाला आले. बाभळीखाली उभे राहिले, हातही फिरवला. पाडव्याच्या बैठकीला आम्ही सगळे जरा भीतभीतच जमलो. ज्या माणसाने पोटच्या पोराला सोडलं नाही, तो आपलं काय करील? पहिलंच नाव निघालं ते एका अशा गड्याचं, ज्याची जोडी हंगामात दोनदा लोकांत घुसली होती. आम्ही कान टवकारले. डायवरभाऊ म्हणाले, "बरं हाकललं लेकरानं."

लोक हसले. थट्टा आहे असं वाटलं. दुसरं नाव घेतलं. "त्यानं बी बरं हाकललं." तिसऱ्याने वेसण ओढून बैलाचं नाक फाडलं होतं, त्याच्याबद्दल म्हणाले, "नवा हाये. शिकीन." मग कुणी हसेना.

मी चिडलो. नंतर म्हणालो, "डायवरभाऊ, मी छापू काय?"

"छाप न. सगळ्यायनं बरं हाकललं."

मी तसंच लिहून पाठवलं. संपादकांचा फोन आला, "हा आढावा आहे की सत्कार समारंभ?"

पुढच्या वर्षीही तेच. बैठकीला येणारे कमी झाले. साहजिक आहे, सगळ्यांना चांगलं म्हणणाऱ्याकडून चांगलं म्हणवून घेण्यात कुणाला गोडी? ज्यांना ते पूर्वी सोलून काढत, तेच धुरकरी मला येऊन म्हणायचे, "काका, त्यायले म्हना, एकदा शिव्या द्या." मी म्हणालोही. डायवरभाऊ बाकावरून रस्त्याकडे बघत म्हणाले, "कोनाचंही पोरगं असते." त्या दोन वर्षांत पोराच्या विषयाला ते सर्वांत जवळ आले, ते तेव्हाच. मी एकदा सरळ विचारलं, चाकणला जाऊन येऊ का आपण? म्हणाले, "त्याले सुट्टी भेटत नाही." नाव त्यांनी काढलं नाही, मग मीही काढलं नाही.

यंदा पौषात, सकाळी चहा पिऊन खाटेवर टेकले आणि गेले. छातीत कळ आली म्हणाले, तेवढंच. मी पोहोचलो तोवर सगळं संपलं होतं. पोरगा दुपारी आला. अंगावर कंपनीचाच शर्ट. त्याच्यासाठीच सगळे थांबले होते.

राखेचं झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. पाव्हणे निघून गेले होते. पोरगा भिंतीला टेकून बसला होता. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला, मग म्हणाला, "काका, तुमच्यापाशी त्यायचं रोजचं बसनं होतं. माह्याबद्दल काही म्हनत होते का?"

लिहिण्यावर जगणारा माणूस मी. एखादं चांगलं वाक्य मला त्या वेळी रचता आलं असतं, आणि ते त्याने जन्मभर जपलं असतं. पण डायवरभाऊंच्या घरात बसून ते जमेना. म्हणालो, "नाही रे. नाव नाही काढलं. पण तू गेल्यावर त्यांनी कुणालाच वाईट म्हटलं नाही. ज्याला त्याला म्हणायचे, बरं हाकललं."

"सगळ्यायले?"

"सगळ्यांना."

"त्या नाक फाडनाऱ्याले बी? गावच्या पोरायनं सांगतलं होतं मले त्याचं."

"त्यालाही. अरे, ते तुला म्हणायचं होतं त्यांना. तू समोर नव्हतास, म्हणून जो समोर येईल त्याला म्हणत सुटले. मला तरी तसंच वाटतं."

"मंग त्यायनं मले एक फोन कराचा होता न, काका."

चुलीपाशी त्याची आई बसली होती. तिने मान वर केली नाही.

"तुह्या फोनाची वाट पाहेत ते," ती म्हणाली. "तू सांजच्याले करे, मी भाकरी थापत राहो. हाताले पीठ. म्हनून फोन डब्याले टेकून ठेवो, आवाज मोठा करून. ते इथंच बसून राहेत. बोलू नोको म्हने, मी हाये म्हनून सांगू नोको."

पोराचा हात जमिनीवर टेकला होता, तो त्याने उचलून तोंडावर ठेवला.

"सगळंच आयकत होते?"

"सगळंच."

"आई, मी... म्हातारा मेला तरी येनार नाही म्हनलो होतो, मांगच्या दिवाळीले."

"हाव. तवा बी बसून होते."

"मंग? काय म्हनले?"

तिने पदराने डोळे पुसले.

"काय म्हनतीन? म्हने, पोराचा खोकला कमी झाला वाटते."