तांब्यातले भोपळे

मुलीकडचे मला बघायला येणार म्हणून मी परसातल्या भोपळ्याची सगळी फुलं कापून पितळी तांब्यात खोचली. घरची फुलं, फुकटची शोभा!

कुरुंद्याहून मुलीचा मामा आला. त्याचं नाव विसरलो, मिशा आठवतात. बोलण्याआधी तो त्यांना पीळ द्यायचा. माझ्याकडे त्यानं पाहिलंच नाही. एकेक फूल उचलून त्याच्या बुडाचं सुपारीएवढं कोवळं फळ मात्र बोटानं चाचपलं. मला वाटलं, काय रसिक माणूस आहे!

“ही कुणी छाटली?”

“मीच,” मी छाती फुगवून म्हणालो.

त्यानं मिशीला पीळ दिला आणि माझ्या वडलांकडे वळला.

“पाव्हणे, पोरगी द्यायला आमाला तकलीफ न्हाई. पण ती खाईल काय? ह्या येड्यानं सालभराचे भोपळे तांब्यात खोचून ठेवले!”