हळदीचं पेव आणि माझी बोलणी

संगणकासारख्या यंत्राला एखादी गोष्ट खरी म्हणून सांगितली आणि पुढं ती खोटी निघाली, तर त्यानं आधीचं काय सोडायचं आणि काय धरून ठेवायचं? सत्तरच्या दशकाच्या अखेरीला मला पुण्यात याच प्रश्नावर संशोधन करायचं होतं. सांगलीत आमच्या घरी मात्र याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. माझे वडील, आप्पा, हळदीचे व्यापारी. जास्त शिकलेली पोरगी घराच्या कामाची राहत नाही, असं त्यांचं ठाम मत, आणि त्यापायी पलूसच्या एका स्थळाशी माझी बोलणीही सुरू झाली होती. मी घरात आदळआपट करत होते.

मी सुट्टीत घरी होते, तेव्हाच जवळच्या हरिपूरला आमच्या रांगेतलं एक पेव उघडलं. पेव म्हणजे जमिनीतला खोल खड्डा. आतून उसाचं पाचट लावून त्यात हळद भरायची, तोंड मातीनं बंद करायचं, की ती वर्षानुवर्षं टिकते. उघडल्यावर आधी कंदील खाली सोडतात. तो विझला नाही तरच माणूस उतरतो. त्या दिवशी उतरलेला हमाल बुरशी आलेली हळद घेऊन वर आला. शेजारचे व्यापारी म्हणाले, जमिनीत नदीचं पाणी शिरलंय, सगळी रांग गेली, आजच सगळी पेवं उपसा. उघडलेलं पेव रिकामं करून हळद विकावीच लागते, आणि भाव तर पार पडलेले. चांगली हळदही मातीमोल गेली असती. आप्पा हो म्हणायच्या बेतात होते.

मीही आप्पांबरोबर गेले होते. पेवावर बायकांनी बोलायची रीत नव्हती. पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. मी विचारलं, हे पेव कोरडं आहे असं आपण कशाच्या आधारावर मानत होतो? हमाल म्हणाले, पाचट कोरडं होतं म्हणून. मग त्यांनाच आठवलं, की हे पाचट वळवाच्या पावसात भिजलेल्या गाडीतलं. वाळलं असं सगळे धरून चालले होते. त्याच गाडीतलं पाचट आणखी एका पेवात गेलं होतं, एक सोडून पलीकडच्या.

"मग तेवढ्या दोन पेवांवरचाच विश्वास सोडा, आप्पा," मी म्हणाले. "बाकीच्यांनी काय केलंय?"

पलीकडचं उघडलं. बुरशी. मग खात्रीसाठी त्या दोहोंच्या मधलं उघडलं. नदीचं पाणी शिरलं असतं तर ते वाचलंच नसतं. त्यातली हळद खणखणीत निघाली. बाकीच्या पेवांना आम्ही हात लावला नाही. व्यापारी माझ्याकडं बघत होते, आणि खरं सांगते, माझी मान ताठ झाली होती. आजही ते आठवलं की होते.

परतताना टांग्यात आप्पा माझ्याकडं वळले. मग म्हणाले, "शिकलेली पोरगी घराच्या कामाची न्हाई, असं मी लय वर्सं धरून बसलोय. ते आज सोडलं. त्याच्या आधारावर काय काय उभं हाय गं?"

"पलूसची बोलणी," मी म्हणाले.

"मग ती बी सोडली. जा तू पुण्याला."

यंत्राला एवढं शिकवण्यात पुढं माझं निम्मं आयुष्य गेलं. आप्पांना हरिपूर ते सांगली एवढा रस्ता पुरला.