चावीवाल्याचा फोन

सुभानमामांचा कशावरच विश्वास नव्हता, आणि रेल्वे त्यांना त्याचाच पगार देत होती. दौंडहून पाटसच्या बाजूला ते चावीवाले होते. रूळ जागेवर धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या रोज पायी फिरत हातोडीनं ठोकून बघायच्या. पक्की असली तर ‘टण्ण’, ढिली असली तर ‘खळ्ळ’. तीस वर्षं असं काम केलं की माणूस कलिंगडालाही सोडत नाही. लग्नाच्या मांडवात मामा आधी खुर्ची ठोकायचे, मग बसायचे. त्यांची बायको जन्नतबी म्हणायची, “मला बघाया निमोण्याला आले, तवा चहाची बशीसुद्धा वाजवून बघितली. नशीब, माझ्या डोक्यावर टिचकी मारली न्हाई.”

अशा माणसाची एकुलती लेक, तहमीना, पुण्याच्या प्रयोगशाळेत पीएचडीला लागली. विषय आरएनए.

“डीएनए ठावं हाय. टीव्हीवर खुनी पकडत्यात त्यानं,” कॉलनीच्या नळावर मामांनी मला गाठलं. मी बुकिंग ऑफिसात, म्हणून त्यांच्या दृष्टीनं शिकलेला. “मग ह्ये आरएनए काय असंल, बाबू? खुनी पळवायचं?”

मी म्हटलं, “मामा, शास्त्र आहे ते.”

“तुम्हाला तरी कुठं ठावं हाय!”

ते खरंच होतं.

२००६ साली मामांनी दोन मोबाईल घेतले, एक लेकीला, एक स्वतःला. रोज दहाला, एकला आणि चारला फोन. तिसऱ्या रिंगेला उचलला नाही, की लगेच दुसरा. “कुठं हायेस? कुणाचा आवाज येतोय मागं?” तो पंख्याचा असायचा.

एका शनिवारी तहमीना घरी आली ती जेवेचना. “अब्बा, दोन वर्षं झाली, प्रयोग बिघडतोच आहे. सर म्हणतात, महिनाअखेर जमलं नाही तर विषय बदलावा लागेल.”

सोमवारी मामांनी रजा टाकली, मला साक्षीदार म्हणून घेतलं आणि तिला न कळवता पुणं गाठलं. पिशवीत हातोडी होती.

“ही कशाला?” मी विचारलं.

“असू द्या.”

आम्हाला प्रयोगशाळेच्या दारात बघून तहमीनाचा चेहरा पडला. तरी तिनं स्टुलं दिली. मामांनी ती ठोकली, मग बसले.

“हां. आता सांग, काय करतीस?”

“आरएनए म्हणजे एक बारीक धागा, अब्बा. तो स्वतःवरच दुमडतो. कुठं घट्ट जोड बसते, कुठं ढिला राहतो. तो कसा दुमडलाय त्यावर त्याचं काम ठरतं. डोळ्यांनी तर दिसत नाही. म्हणून एक औषध घालते. ते ढिल्या जागीच चिकटतं. मग एक नक्कल करणारं द्रव्य धाग्यावरून चालत जातं आणि जिथं औषध चिकटलंय तिथं थांबतं. कुठं थांबलं ते वाचलं, की ढिली जागा कळली.”

मामांनी माझ्याकडं पाहिलं. “बाबू, ही चावीवालीच की!” मग पुन्हा कपाळाला आठ्या. “मग घोटाळा काय हाय?”

“एका नळीत मुद्दाम औषध घालत नाही, ताडून बघायला. तीसुद्धा जागोजाग खुणा दाखवते.”

“म्हंजी हातोडी न मारताच खळखळ? मग ढिलं न्हाई ते. तुटलंय.”

“तेच! कुणीतरी धागा तोडतंय. माणसाच्या हातावर असतं ते तोडणारं द्रव्य. पण मी हातमोज्यांशिवाय काम करतच नाही.”

“तू कर काम. मी बघतो.”

मामा बघत बसले. तिथल्या पोरी कुजबुजल्या, “हे कुठल्या इन्स्पेक्शनचे?” बरोबर एकला टेबलावरचा फोन वाजला. तहमीनानं पटकन उचलला. “हां अम्मी, जेवते.” जन्नतबी होती. मी नसलो तरी येळ चुकवायची न्हाई, असं मामाच आपला मोबाईल तिच्याकडं ठेवून बजावून आले होते. फोन ठेवून तहमीनानं नळीला हात घातला.

“थांब!” लाल झेंडी दाखवावी तसे मामा उठले. “ह्या फोनाला कुणाचे हात लागत्यात?”

“माझेच. बसमध्ये, मेसमध्ये...” ती थबकली. तिनं आपल्या हातमोज्यांकडं पाहिलं.

“आन् दिवसातनं तीनदा फोन कोण करतंय?” असं विचारून मामा स्वतःच खाली बसले. यावेळी स्टूल न ठोकता.

तहमीनानं फोन ड्रॉवरमध्ये टाकला, मोजे बदलले. औषध नसलेली नळी स्वच्छ निघायला अजून बारा दिवस लागले. महिना संपायला तेव्हा दोन दिवस उरले होते. सरांनी विषय ठेवला.

त्या सोमवारी प्रयोगशाळेतून निघतानाच मामांनी नवा नियम घातला होता. “मी नुसता मिस कॉल दीन. उचलायचा न्हाई.”

“आणि उचलला तर?”

“तर काम सोडून बसलीस, आसं समजीन. मंग हातोडी घेऊन येतो.”

त्यानंतर एकदा मी फाटकाशी उभा होतो. दहा वाजले. मामांनी हातोडी काखोटीला मारली, नंबर लावला आणि फोन कानाशी धरला. रिंग पार संपेपर्यंत वाजली.

“न्हाई उचलला,” मामा खुशीत म्हणाले आणि पुढच्या चावीकडं निघाले. “पक्की हाय.”