वसतिगृहाच्या मापाचं पुडिंग

माझ्या वहिनींनी अख्खी नोकरी मुलींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काढली. निवृत्तीनंतर त्या घरी आल्या, पण त्यांचा हात तिकडेच राहिला. घरात खाणारी माणसं दोन आणि डाळीचं पातेलं उतरवायला माणसं दोन. त्यातून अन्न वाया जाता कामा नये, हा तिकडचा कायदा. म्हणजे शिजवायचं पन्नास जणींचं आणि संपवायचं दादानं.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, घड्याळं दुरुस्त करायचा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकल्यावर काटा कुठला आणि केस कुठला हे कळेना, म्हणून दुकानाचं शटर खाली आलं. रक्तातली साखर उतरवा, मगच ऑपरेशन, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. पुन्हा घड्याळाच्या पोटात डोकावायला मिळावं, एवढीच त्याची आस होती. तेवढ्यासाठी तो आंबासुद्धा सोडायला निघाला. त्याच्यासारख्या आंबेखाऊला हे सोपं नव्हतं.

"आंबा कशाला सोडायचा? साखर सोडू," वहिनींनी जाहीर केलं. फोनवर कुणी काटकुळी बाई बिनसाखरेचं पुडिंग करून दाखवत होती. अशा बायका स्वतः काही खात असतील असं मला वाटत नाही.

आंब्यांचा गर, साखरेऐवजी खजूर, सायीऐवजी पाणी निथळलेलं दही आणि वरून मध. काटकुळीनं चमचाभर मध सांगितला होता. वहिनींनी बाटली उलटी धरली आणि फोनवर कुणाशी तरी बोलत राहिल्या. शिवाय ओट्सचा आणि आंब्याचा केक. तो खाताना उशी चावल्यासारखं वाटे.

मी भीत भीत म्हटलं, "वहिनी, खजूर गोडच असतो ना?"

"भाऊजी, तो निसर्गाचा गोडवा. साखर कारखान्यातली."

ऊस जणू कारखान्याच्या छपरावर उगवतो! पण हे मला घरी पोचल्यावर सुचलं. तिथे मी मान डोलावली.

पूर्वी दादा चोरून एखादी फोड खायचा आणि दिवसभर अपराध्यासारखा वावरायचा. आता अपराध संपला आणि भूक वाढली. वहिनी डाव घेऊन उभ्याच. "संपवा हं, उद्या आंबट होईल." दादा वाटी पुढे करायचा आणि मला म्हणायचा, "पथ्य आहे रे, पाळावं लागतं." इतक्या आनंदानं पथ्य पाळणारा रोगी मी दुसरा पाहिला नाही.

तपासणीत साखर आधीपेक्षा वर गेलेली निघाली.

"दुसऱ्या कुणाचं तरी रक्त तपासलं असणार," वहिनी म्हणाल्या. त्याच तोऱ्यात त्या दवाखान्यात शिरल्या. दादाचा हात धरून मागे मी.

"गोड काही खाता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"घरात साखरेचा कण नाही. मुंग्यासुद्धा सोडून गेल्या," वहिनी.

"फक्त आंब्याचं पुडिंग," दादा अभिमानानं म्हणाला. "पथ्याचं. वाटीभर."

"केवढी वाटी?"

वहिनींना हेच हवं होतं. त्यांनी पिशवीतून झाकण लावलेली वाटी काढून टेबलावर ठेवली. "तुमच्यासाठीच आणलंय, चाखून बघा. आमच्या वसतिगृहातली वाटी आहे ही, बरं का."

डॉक्टरीणबाई खुर्चीतून अर्धवट उठल्या. "काकू, ही वाटी नाही, टब आहे. यात बाळाला अंघोळ घालता येईल! आंबे किती घातलेत?"

"भरपूर. मी हात आखडत नाही."

"दिसतंच आहे. अहो, आंब्यात साखर, खजुरात साखर, मधात साखर. तुम्ही साखर सोडलीत आणि तिचं सगळं खानदान घरात बोलावलंत. ऑपरेशन आत्ता होणार नाही."

दादानं माझं मनगट घट्ट धरलं. "म्हणजे दुकान...?" त्यानं विचारलं.

रिक्षात वहिनी त्याच्यावरच घसरल्या. "तुम्हाला नको म्हणता येत नव्हतं?"

"तूच म्हणायचीस, संपवा."

"मुलींनाही म्हणायचे. त्या थोड्याच ऐकायच्या!"

त्यानंतर वहिनींपुढे जन्मात न पडलेलं संकट पडलं. एका माणसाचं रांधायचं. एवढासा गर मिक्सरच्या भिंतीला चिकटून बसे आणि पातं नुसतंच गरगरे. त्या मिक्सरलाच शिव्या घालत. मिठाच्या वाटीत चार चमचे पुडिंग, तेही एक दिवसाआड. दादा वाटीकडे बघे, मग वहिनींकडे बघे, आणि फिरायला निघे. कडेला हात धरून मी असायचोच. मला तरी कुठे काम होतं?

साखर उतरली. ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर काही दिवसांनी दादानं दुकानातलं भिंग मागवलं, डोळ्याला लावलं आणि हाताला येईल ते बघत सुटला. स्वतःची नखं, माझ्या शर्टाचं बटण. तेवढ्यात वहिनींनी कौतुकानं पुडिंगची वाटी पुढे ठेवली. त्यानं तीही भिंगातून पाहिली.

"हे काय आहे?"

"पुडिंग."

"आंब्याचं? पिवळं होतं ना?"

"खजुरानं तपकिरी होतं. आधीपासून असंच आहे. मोतीबिंदूमुळे तुम्हाला सगळं जगच पिवळं दिसत होतं."

"हा चिखल मी खात होतो?"

"आवडीनं. वाटी चाटून पुसून."

दादानं वाटी माझ्याकडे सरकवली. मी पोट भरल्याचं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी इतक्या ठामपणे काही बोललो असेन.

"मग वाया घालवायचं का?" असं म्हणत वहिनी स्वतःच चमचा घेऊन बसल्या. स्वतःचं पुडिंग त्यांना खाताना मी तोवर पाहिलं नव्हतं. पहिला घास त्यांनी बराच वेळ तोंडात घोळवला. आम्ही दोघं भाऊ त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"याला," त्या शेवटी म्हणाल्या, "थोडी साखर हवी होती."