नणंदबाईंचे प्रश्न

“डॉक्टर, हे विमानात फुटणार नाही ना?” ताईच्या नणंदबाई ओरडल्या. स्वतःला कमी ऐकू येतं म्हणून त्या सगळ्या जगाला बहिरं समजतात. त्या आवाजानं भिंतीवरचं कॅलेंडर पुढच्या महिन्यावर गेलं, हे मी शपथेवर सांगेन. डॉक्टरांनी नमुना म्हणून दिलेला सिलिकॉनचा गोळा त्या हापूस आंब्यासारखा दाबून बघत होत्या. “पुढं कडक होतं का? जन्मभर टिकतं, की सिलिंडरसारखं बदलायचं?”

“कधीतरी बदलावं लागतं,” डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात हजार बायकांना हेच सांगितल्याचा शीण होता.

शीण आम्हालाही होता. कॅन्सरपायी ताईचा उजवा स्तन काढल्यापासून आम्ही दवाखान्यांत इतक्या वेळा बसलो, की तिथल्या बाकांनाच आमचा आकार आला असेल. फार थकलं की माणूस वस्तूबद्दलच विचारत राहतो, कारण तिची उत्तरं तरी मिळतात.

मग छातीच्या उजव्या बाजूला हात ठेवून ताई पहिल्यांदाच बोलली. “नातू इथं डोकं ठेवून झोपतो. हे आत बसवल्यावर ते मला जाणवेल?”

“बहुतेक नाही.”

नणंदबाईंना हे नेमकं ऐकू आलं. गोळा टेबलावर ठेवत त्या म्हणाल्या, “मग त्याला डावीकडे निजवत जा.”