निघताना एक मिनिट

बर्फ झाडणं हा खेळ असू शकतो, हे नेल्ली इग्नात्येव्नाच्या आईने शेवटपर्यंत मान्य केलं नाही. "घरात झाडू धर म्हटलं की हिची पाठ दुखते," ती शेजारणींना सांगायची, "आणि बर्फ झाडायला शिकायचं म्हणून बाईसाहेब आगगाडीने पीटर्सबर्गला जाऊन आल्या." शेजारणी हसायच्या. नेल्लीही हसायची. ती ओझेर्कीच्या शाळेत मुलींची कवायत घ्यायची. नळ्यांचा कारखाना अर्धा बंद पडलेला, गावाला उद्याची खात्री नाही, आणि अशा दिवसांत हिने कर्लिंगचं खूळ डोक्यात घेतलेलं. वीस किलोचा दगड बर्फावर सोडायचा, त्याच्यापुढे दोघींनी झाडूने बर्फ घासत पळायचं आणि तो पलीकडच्या रंगीत वर्तुळाच्या मध्यात नेऊन थांबवायचा. एवढंच. हे एवढंच शिकवण्यात तिची पंचवीस वर्षं गेली.

पहिल्या हिवाळ्यात तर दगडही नव्हते. पोरींनी घरून एनॅमलची पातेली आणली, त्यांत वाळू भरली आणि झाकणं तारेने बांधून टाकली. निम्म्या गावात त्या वर्षी बोर्श्च, म्हणजे बिटाचं सूप, लहान भांड्यात शिजलं, आणि पोरींच्या आया नेल्लीच्या नावाने खडे फोडत राहिल्या.

बर्फाच्या हॉलची देखभाल सावेली कुझ्मिचकडे होती. हा हॉकीचा माणूस. झाडू घेतलेल्या बाया बघून त्याने आधी नाक मुरडलं. मग एके दिवशी, कोणी न सांगता, तो पाठीवर पाण्याची टाकी बांधून उलटा उलटा चालत बर्फावर बारीक थेंब शिंपडताना दिसला. ते थेंब गोठून त्यांचे दाणे झाल्याशिवाय दगड नीट सरकत नाही, हे त्याने कुठूनतरी वाचून काढलं होतं. नेल्लीने विचारलं तर म्हणाला, "तुमच्या पातेल्यांची खरखर ऐकवत नव्हती." पुढे खरे दगड आले, पोरी आल्या, लग्नं करून किंवा मोठ्या शहरांत कामं धरून निघून गेल्या, नव्या आल्या, हा मात्र प्रत्येक सरावाच्या आधी शिंपडत राहिला. आपण शिकवलं ते नंतर, आधी या माणसाने बर्फ दिला, असं नेल्ली मनापासून मानते. त्याला तोंडावर तसं कधी म्हणाली नाही, ते वेगळं.

या खेळात सामना सुरू झाला की प्रशिक्षकाचं तोंड बंद. मागच्या बाकावर बसायचं, बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. अख्ख्या सामन्यात संघाला एकदाच एक मिनिट मागून घेता येतं, तेवढ्यात काय ते सांगायचं. नेल्लीसारख्या बोलक्या बाईला ही शिक्षाच होती. ती थर्मासमधला चहा पीत राहायची. चहा संपला की झाकण चावायची.

परगावच्या पहिल्या सामन्याला पोरी निघाल्या तेव्हा आई हॉलवर आली होती, टोपलीभर पिरोझ्की, म्हणजे कोबी भरलेले छोटे पाव, घेऊन. खेळ मान्य नसला तरी पोरी उपाशी जाऊ नयेत. बस उभी होती, पण आईने सगळ्यांना बाकावर बसवलं. प्रवास सुखरूप व्हावा म्हणून निघताना क्षणभर बसायचं, जाणाऱ्यांनीही आणि राहणाऱ्यांनीही, एक अक्षर न बोलता, आणि मगच उंबरा ओलांडायचा. नेल्लीला असल्या समजुतींचं हसू यायचं. तरी आई होती तोवर तिच्या धाकाने आणि ती गेल्यावर तिच्या आठवणीने, दर वेळी निघताना त्या बाकावर सगळ्या बसल्या.

गेल्या मार्चमध्ये मात्र नेल्लीने कोणाला बसू दिलं नाही.

त्या दिवशी शेजारच्या मोठ्या शहरात हंगामातला शेवटचा सामना होता. जिंकलं तर संघ वरच्या गटात राहणार होता. हॉलच्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, की हरलं तर बायकांचे सरावाचे तास हॉकीला जातील. बर्फ गेला की संघ गेला, याबद्दल कोणाच्या मनात शंका नव्हती. त्यात नेल्लीचं एक गुपित होतं. तिचा खुबा पार झिजला होता, मुलगी कलिनिनग्रादला बोलावत होती, येत्या गुरुवारचं तिकीट पर्समध्ये पडलं होतं. हा तिचा शेवटचा सामना होता. पोरींच्या डोक्याला ओझं नको म्हणून ती फक्त सावेली कुझ्मिचला बोलली होती. त्या बाकावर गप्प बसलो तर आपल्याला रडू फुटेल, या भीतीने सकाळी तिने उगाच आरडाओरडा केला, बस सुटते म्हणून सांगितलं आणि संघातल्या चौघींना आत कोंबलं. ड्रायव्हर अजून खाली उभा राहून सिगारेट ओढत होता.

सामना बरोबरीत शेवटच्या दगडापर्यंत आला. तो सोडायचा होता कप्तान ग्लाशाने. ग्लाशा चोवीस वर्षांची, बेकरीत पाव भाजणारी. बारा वर्षांची असताना आईच्या मागे लपून हॉलवर आली होती. प्रतिस्पर्ध्यांचा लाल दगड वर्तुळात बसला होता, आणि त्याच्यापुढे दुसरा एक वाट अडवून उभा. ग्लाशाने हात वर करून ते एक मिनिट मागितलं.

नेल्ली लंगडत खाली उतरली. काय सांगायचं ते तयार होतं: मधली वाट घासून गुळगुळीत झालीय, तिथून दगड वळणार नाही, बाहेरच्या वाटेने सोड. तिने तोंड उघडलं, पण ग्लाशा आधी बोलली.

"नेल्ली इग्नात्येव्ना, आज निघताना आपण बसलो नाही."

"काय?"

"बसायचं राहिलं. आत्ता बसूया."

"एकच मिनिट आहे, ग्लाशा. अंगात आलंय का तुझ्या?"

"म्हणून तर म्हणते, लवकर बसा." आणि ती खरंच बर्फामागच्या फळीवर बसायला लागली.

आता मिनिटं, सामने, गट काहीही असो, पोरीबाळींनी गारठ्यावर बसायचं नाही, कुशीला बाधतं, ही गोष्ट नेल्लीच्या हाडीमाशी भिनलेली होती. "गार फळीवर नाही!" ती ओरडली. "उद्या मुलंबाळं व्हायचीत तुम्हाला!" अंगातला जाड कोट काढून तिने फळीवर पसरला. चौघी त्यावर दाटीवाटीने बसल्या. अगाता नावाच्या दणकट पोरीने सरकून कोपरा मोकळा केला, आणि खुबा सांभाळत नेल्लीही टेकली.

एका छपराखाली कोणी निघताना बसलं की बाकीच्यांनी उभं राहायचं नसतं. समोरच्या संघातल्या पोरींनी एकमेकींकडे पाहिलं आणि आपापल्या पिशव्यांवर बसल्या. हातात घड्याळ धरलेल्या पंचबाई थोडा वेळ घुटमळल्या, मग खुर्चीच्या कडेला टेकल्या.

नेल्लीला आई आठवली, पिरोझ्कीची टोपली आठवली. पातेल्यांची खरखर आठवली, उलटा चालणारा सावेली कुझ्मिच आठवला. आणि या चौघी, दिवसभर कामावर राबून संध्याकाळी बर्फ झाडायला येणाऱ्या. कोणी सक्ती केली नव्हती यांना. किती दिलं या माणसांनी आपल्याला, तिला वाटलं.

ग्लाशा उठली. तिने वाकून नेल्लीला हात दिला आणि हळूच म्हणाली, "सुखरूप जा, नेल्ली इग्नात्येव्ना. कलिनिनग्रादला थंडी कमी असते म्हणतात."

सावेली कुझ्मिचच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे नेल्लीला आधीच कळायला हवं होतं. ती काहीतरी बोलणार, तेवढ्यात पंचबाईंनी वेळ संपल्याचं सांगितलं. आता तोंड बंद. अगाताने कोट झटकून तिच्या खांद्यावर टाकला, आणि नेल्ली बाकावर परत गेली, डोळ्यांत पाणी आणि ओठ घट्ट मिटलेले. सांगायची वाट सांगायची राहूनच गेली होती.

ग्लाशाने दगड सोडला. बाहेरच्या वाटेने. आडव्या दगडाच्या बाजूने तो सावकाश वळला, अगाता आणि तिची जोडीदारीण जिवाच्या आकांताने बर्फ घासत होत्या, आणि लाल दगडाला हलकेच ढकलून तो मध्यात थांबला.

हस्तांदोलनं झाली, सामना जिंकला, सरावाचे तास वाचले. चौघी धावत बाकाजवळ आल्या. नेल्लीला आता हवं तेवढं बोलायची मुभा होती.

"हीच वाट सांगायला आले होते मी," ती कशीबशी म्हणाली.

"माहीत होतं ना," ग्लाशा म्हणाली. "बारा वर्षं ऐकतेय. म्हणून तर ते मिनिट बसण्यासाठी मागितलं."

नेल्लीने तिचा पिठाने खरखरीत झालेला हात दोन्ही हातांत धरला. पोरींनो, तुमचे उपकार आहेत माझ्यावर, ती म्हणाली, आणि मग सकाळपासून अडवून धरलेलं रडू तिने येऊ दिलं.