तिसऱ्या पंगतीतला म्हातारा

आमच्या गेममध्ये कोणी मरत नाही. फार तर वरण सांडतं.

हे वाक्य मी इतक्या लोकांना ऐकवलंय की आता ते सुरू झालं की माझी पार्टनर कानात हेडफोन घालते. पण खरंच तेवढंच आहे. खेळणारा म्हणजे लग्नातला वाढपी. हातात बादली, बादलीत पळी आणि समोर पत्रावळी मांडून बसलेली पंगत. कुणाला भात पाहिजे, कुणाला भजी, कुणी पत्रावळीवर हात आडवा धरून बस बस म्हणतंय आणि त्याच्या बोटांच्या फटीतून बुंदी सोडायचीय. बाकीच्या गेममध्ये खेळणाऱ्याला जीव असतो आणि तो कमी होत जातो. आमच्या वाढप्याला कंबर आहे. वाकून वाकून ती गेली की मांडवाच्या खांबाला जरा टेकायचं. पंगतीतल्या सगळ्यांचं पोट भरलं की सगळे एकदम उठतात आणि पुढची पंगत बसते. गेमचं नावही 'पंगत'च. त्यावर आम्ही फार डोकं चालवलं नाही.

मी मुखेड तालुक्यातल्या एका खेड्यातली. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. नांदेडला बीसीए केलं, फर्स्ट क्लासमध्ये, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. माझे वडील, आमचे अण्णा, लग्नसराईत एका मंडपवाल्याकडं वाढपी म्हणून जातात. म्हणजे गेमसाठी अभ्यास करायला मला कुठं जावं लागलं नाही. पार्टनर म्हणजे माझी कॉलेजातली मैत्रीण, रेणापूरकडची. प्रोग्रॅम माझा, चित्रं आणि आवाज तिचे. लातुरात एका खोलीत राहतो, सकाळी कॉम्प्युटर क्लासवर शिकवतो आणि उरलेला दिवस गेम. बुंदी पडल्याचा आवाज तिनं पत्र्यावर ज्वारी टाकून केला. मनासारखा आवाज येईपर्यंत ज्वारी टाकत राहिली, तेव्हा घरमालकीणबाई वर येऊन म्हणाल्या की तुम्हाला कबुतरं पाळायची असतील तर आधी विचारायचं होतं.

लातुरात चहाच्या टपरीवर कान दिला तर अख्खं शहर लढाईवर निघालंय असं वाटतं. "मागून आला, मागून आला, मार म्हणलं ना त्याला." आणि हे म्हणणारं पोरगं मेडिकलच्या क्लासला आलेलं असतं, उद्या डॉक्टर होऊन लोकांना वाचवणार असतं. मला त्या गेमचा राग नाही. मीही खेळते आणि बरी खेळते. फक्त माईक बंद ठेवून खेळते, कारण मुलीचा आवाज ऐकला की निम्मी टीम लढाई सोडून गाव विचारायला लागते. पण गेम कशाला म्हणायचं आणि गेमर कुणाला म्हणायचं हे ठरवणारी एक पंचायत इंटरनेटवर बसलेली आहे, आणि तिला ना कुणी निवडून दिलंय ना ती कधी उठते. आम्ही 'पंगत'चा पहिला छोटा व्हिडिओ टाकला तेव्हा पंचायतीनं विचारलं, बंदूक कुठंय? दुसऱ्यानं विचारलं, बॉस कोण आहे? आपल्याकडचा गेम म्हणजे एक तर क्रिकेट, नाही तर छातीचे कप्पे दाखवणारे देव, असं एकानं समजावून सांगितलं. "हा गेम आहे का स्वयंपाकघर," असंही एक जण म्हणाला. पार्टनरनं त्याला उत्तर दिलं की स्वयंपाकघर मांडवामागं आहे, तिथं फक्त आचाऱ्याला प्रवेश आहे. त्या दिवशी आम्ही एवढ्या हसलो की चहा उतू गेला.

हसायचे दिवस तेवढेच राहिलेत असं मात्र वाटत होतं. पार्टनरच्या थोरल्या भावानं पुण्यात तिच्यासाठी नोकरी बघून ठेवली होती. भाऊ वाईट नाही, काळजीवाला आहे, आणि काळजीवाल्या माणसाशी भांडता येत नाही हीच अडचण. हैदराबादला छोट्या गेमचं एक प्रदर्शन भरतं. तिथं टेबल मिळावं म्हणून आम्ही अर्ज केला होता. भावाचं म्हणणं असं की टेबल मिळालं तर मी स्वतः येऊन बघतो, ही कशासाठी थांबायचं म्हणते ते. पटलं तर राहू दे, नाही तर तिथूनच पुण्याला. टेबल मिळालं नाही तर बघायचाही प्रश्न नाही, बॅग भरायची. आणि ती गेली तर माझ्याकडं काय उरणार होतं? तिची चित्रं काढून टाकली तर माझी पंगत म्हणजे ओळीनं बसलेले राखाडी चौकोन, आणि त्यांना वाढणारा एक जरा मोठा चौकोन.

हैदराबादवाल्यांकडं गेम पाठवायच्या आधी तपासून घ्यायचा होता. मोठ्या कंपन्या त्यासाठी पगारी माणसं ठेवतात. आम्ही आमच्या गावातल्या एका लग्नाला गेलो. नवरदेवाची गाडी मुखेडच्या अलीकडं पंक्चर झाली होती, मांडवात वऱ्हाड कंटाळून बसलं होतं. अण्णांनी गेम घातलेला माझा फोन घेतला आणि तो मग हातोहात फिरत राहिला. तक्रारी ऐकून मी थक्क झाले. वरण लई पातळ दिसतं. मीठ वाढलंच नाही. पुरी तळल्यासारखी वाटत नाही, लाटल्यासारखी वाटते. आमच्या आत्यानं सांगितलं की गेममधल्या नवरदेवाच्या मामाला खांबाच्या आड बसवलंय, हा माणूस रुसणार. आम्ही मामाला पुढं आणला, वरण दाट केलं, मिठाची वाटी दिली. मान ताठ ठेवून गेम हैदराबादला पाठवून दिला.

थोड्याच दिवसांत तिथल्या तपासणाऱ्या माणसाचा फोन आला. माणूस सभ्य होता. गेम आवडला म्हणाला, चित्रं फार आवडली म्हणाला, आणि मग म्हणाला, "लेकिन मॅडम, आपका गेम हँग है." तिसऱ्या पंगतीत शेवटी एक म्हातारा आहे. बाकी सगळ्यांचं जेवण होतं, ते हात आवरून बसतात, पण म्हाताऱ्याचं होतच नाही. वाढलं की खातो, पुन्हा वाढलं की पुन्हा खातो. पुढची पंगत काही येत नाही. दुरुस्त करून आठवड्याभरात पाठवा, मग टेबलाचं बघू.

मी त्याला म्हणाले की असं होऊच शकत नाही, अख्ख्या लग्नानं खेळून बघितलंय. फोन ठेवला, प्रोग्रॅम उघडला, आणि होऊ शकत होतं. प्रत्येकाची भूक हा एक आकडा आहे. वाढलं की तो कमी व्हायला पाहिजे. म्हाताऱ्याच्या नावापुढं मी वजाच्या जागी अधिक टाकलं होतं. जितकं वाढाल तितका तो भुकेला. आणि शेवटचा माणूस हात धुवायला उठल्याशिवाय बाकीच्यांनी उठायचं नाही, हा नियम तर मीच घातला होता.

मी अण्णांना फोन लावला. लग्नात सगळ्यात जास्त वेळ तेच खेळले होते. विचारलं, तुम्ही त्या म्हाताऱ्यापाशी अडकला नव्हता का?

"अडकायचं काय त्यात? जेवून राहिला होता माणूस."

"अण्णा, पण तो उठतच नाही."

"मग? पंगतीतनं कुणाला उठ म्हणावं का आपण?"

"मग तुम्ही गेम संपवला कसा?"

"संपवला कुठं. नवरदेव आला म्हणून फोन ठेवला. तवर बरोबर वाढीत होतो मी त्याला."

आत्यालाही विचारलं. तिनं त्याला बुंदी, भात, भजी सगळं वाढून बघितलं होतं आणि तिला त्याचं कौतुक वाटलं होतं, ह्या वयात पचतंय म्हणून. मांडवातल्या एकाही माणसाला गेम बिघडलाय असं वाटलं नव्हतं. पार्टनर हे ऐकून खुर्चीवरनं खाली सरकली आणि फरशीवर बसून हसत राहिली. मग तिला पुणे आठवलं आणि ती उठून परत खुर्चीवर बसली.

दुरुस्ती म्हणजे एक चिन्ह बदलायचं. बोटाचं काम. पण माझं बोट काही जाईना. मी म्हणाले, ही चूक नाही, हीच तर पंगत आहे. ती म्हणाली, मला टेबल पाहिजे, तुझं तत्त्वज्ञान नको. मी म्हणाले, त्या पंचायतीला सगळं लवकर संपवायचं असतं, मधलं वगळायचं बटण पाहिजे असतं, त्यांच्यासाठी म्हाताऱ्याला उपाशी उठवायचं का? ती म्हणाली, त्याला उपाशी कोण म्हणतंय, त्यानं मांडव खाल्लाय.

एक गोष्ट मी तेव्हाही तिला सांगितली नाही, पण ती तिला ठाऊक होती. माझ्या आजोबांच्या काळात गावच्या लग्नात आमच्या लोकांची पंगत वेगळी बसायची, सगळ्यांचं झाल्यावर, लांब, उरलेल्यावर. त्यांना कुणी सावकाश होऊ द्या म्हणत नव्हतं. माझ्या गेममध्ये पंगत एकच आहे आणि तिच्यात कोणीही कुठंही बसतं. तिच्यातून मी कुणालाही लवकर उठवणार नव्हते. एवढंच.

दोन दिवस आम्ही एकमेकींशी फक्त फाइलींपुरत्या बोललो. मग एका दुपारी डबा उघडताना तिनं विचारलं, "तुझा वाढपी कधी जेवतो गं?"

वाढप्याची मुलगी मी. गेममध्ये त्याला कंबर दिली, चप्पल दिली, घाम पुसायला खांद्यावर टॉवेल दिला. पोट दिलंच नव्हतं. अण्णा सगळ्यात शेवटी जेवायचे, भांडी उचलायच्या आधी, जे असेल ते. त्यांना जेवताना मी कधी बघितलंच नव्हतं, कारण तोवर आम्ही पोरं खाऊन झोपलेलो असायचो.

तिनं डबा तसाच ठेवला आणि चित्र काढायला घेतलं. म्हाताऱ्याच्या शेजारी एक रिकामी पत्रावळ. बस. अधिकचं चिन्ह मी तसंच ठेवलं. म्हाताऱ्याला कितीही वाढा, तो उठणार नाही. पण खेळणाऱ्यानं बादली खाली ठेवली आणि त्या रिकाम्या पत्रावळीवर बसला, तर म्हातारा त्याच्याकडं बघतो, बादलीतली पळी स्वतः उचलतो आणि त्याला वाढतो. दोघं जेवतात. मग अख्खी पंगत एकदम उठते. कुठंही लिहिलेलं नाही की बसा. ज्याचं त्याला सुचलं तर सुचलं.

गेम परत पाठवला, तर हैदराबादवाल्या माणसानं पहिल्याच दिवशी कळवलं की गेम अजून हँग आहे. आम्ही लिहिलं, नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा एका ओळीचा मेल आला की समजलं, आणि टेबल तुमचं.

आधी गावाकडं जाऊन मग नांदेडहून गाडीनं गेलो. संगणकाचं खोकं मांडीवर, अण्णांनी दिलेली खरी बादली आणि पळी पायाशी. ती आम्ही टेबलावर मांडून ठेवली. आजूबाजूला सगळीकडं तलवारी, रोबो, अंधारी जंगलं, आणि मध्ये आमची बादली. शेजारच्या टेबलावरच्या पोरांनी सकाळी आमच्याकडं बघून कीव केली. दुपारी ते आमच्याच रांगेत होते. एक बाई आपल्या सासूबाईंना घेऊन आली, आणि त्या सासूबाईंनी तेलुगूत म्हाताऱ्याला काय काय सुनावलं ते आम्हाला कळलं नाही, पण वाढणं थांबवलं नाही. एक टोपीवाला मुलगा हातातल्या फोनवर सगळं थेट दाखवत होता. आधी त्यानं विचारलं की ह्यात मारामारी कुठंय. मग तो म्हाताऱ्यापाशी अडकला, आणि त्याचे बघणारे त्याला लिहून लिहून सांगायला लागले, पापड दे, ताक दे. ताक गेममध्ये नव्हतंच. आम्ही दोघी टेबलामागं हसू दाबून उभ्या.

तेवढ्यात भाऊ आला. इस्त्रीचा शर्ट, पाठीला बॅग, चेहरा ठरवून आणलेला. टोपीवाल्याच्या मागं त्याला रांगेत उभं राहावं लागलं, ते त्याला आवडलं नाही. शेवटी खुर्ची मिळाली. पहिली पंगत झाली, दुसरी झाली. तिसरीत तो थबकला. भजी वाढली, भात वाढला, कंबर गेली तेव्हा खांबाला टेकला, परत आला. मागची रांग वाढत चालली. मग वर न बघता म्हणाला, "काय गं, हा म्हातारा उठतच नाही."

पार्टनरनं माझा हात एवढा घट्ट धरला होता की मला टेबलावरची वायरही हलवता येईना. मग ती म्हणाली, "दादा, मी पुण्याला येत नाही."

"ते बघू नंतर. आधी ह्याला काय वाढू ते सांग."

"तूच बघ."

तो बघत राहिला. पुन्हा वरण, पुन्हा बुंदी. मागून कुणीतरी भैया जल्दी म्हणालं, त्याला त्यानं हातानं थोपवलं. मग त्याच्या वाढप्यानं बादली खाली ठेवली. जरा थांबला. आणि बसला. म्हाताऱ्यानं पळी उचलली, त्याला वाढलं, दोघं जेवले आणि पंगत उठली. भाऊ तिथंच, हात गुडघ्यावर ठेवून, पडद्याकडं बघत होता. मागच्या माणसानं खांद्याला हात लावला तेव्हा उठला, बॅग पाठीवर घेतली, बहिणीजवळ आला.

"आईला मी सांगतो," म्हणाला, आणि रांगेच्या शेवटी जाऊन परत उभा राहिला.